जागच्या जागी

हा पाठ एका लहानशा खोलीचा आहे. खोली दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. आपल्याकडच्या बैलांच्या गोठ्याएवढी. ती पाहायला आमच्या रात्रीच्या वर्गाची अकरा माणसे एस.टी.ने पुण्याला गेली. सात बाया आणि चार बापे.

आमच्यात एक काकू होत्या. त्यांचे मालक सुतार होते. ते वारले त्याला तीन वर्षे झाली. त्यांची हत्यारे गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलेली होती. भंगारवाला दोनदा दारी येऊन गेला होता. किलोवर भाव सांगत होता. मुलाच्या शाळेचा खर्च समोर होता. हत्यारे विकावीत असे काकूंच्या मनाने जवळजवळ घेतले होते.

पुण्याला आमच्या गुरुजींच्या ओळखीचे एक आप्पा राहतात. आप्पा पोस्टात नोकरीला होते. आता सेवानिवृत्त झाले आहेत. त्यांना सुतारकामाची हौस आहे. वडिलांनी बांधलेल्या घराला मोटार ठेवायची एक खोली आहे. तिला गॅरेज म्हणतात. आप्पांनी मोटार कधी घेतली नाही. त्या खोलीत त्यांनी आपली कामशाळा मांडली आहे. तीच पाहायला आम्ही गेलो होतो.

नावे लिहिलेली भिंत

आप्पांनी शटर वर सरकवले. आम्ही दारातच थबकलो. एवढ्या खोलीत एवढे सामान! पण कुठे ढीग नाही, कुठे अडगळ नाही. मधली जमीन मोकळी. अकरा माणसे आत जाऊन उभी राहिली तरी कोणाला कोपर लागले नाही.

समोरच्या भिंतीवर एक मोठी फळी ठोकली आहे. तिच्यावर खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याला एक हत्यार. हत्याराच्या मागे, फळीवर, त्याच हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढली आहे. हत्यार काढून घेतले की त्याची काळी सावली तेवढी मागे राहते. काय जागेवर नाही, ते दारातूनच कळते.

आणि प्रत्येक सावलीखाली नाव लिहिले आहे. ठळक, सुटे अक्षर.

आप्पा म्हणाले, "मी काही सांगत नाही. तुम्हीच वाचा."

मग आमचा वर्ग तिथेच भरला. एकजण बोट ठेवून वाचू लागला. क-र-व-त. करवत! रं-धा. रंधा! प-टा-शी. हा-तो-डी. का-न-स. गि-र-मि-ट. पाटीवरचे अक्षर वेगळे आणि भिंतीवरचे वेगळे. इथे शब्द वाचला की त्याची वस्तू वर टांगलेली दिसत होती. आम्हांला मोठी गंमत वाटली.

काकू गप्प उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "आप्पा, वाकस असा टांगू न्हाई. धार बाहीर आलीया. येता-जाता हाताला लागंल. आमचे हे धार भिंतीकडं करून ठेवायचे."

आप्पांनी पाहिले. वाकस काढला, फिरवला, परत टांगला. म्हणाले, "पाच वर्षे मी हा चुकीचा टांगत होतो. मी पुस्तकातून शिकलो, ताई. तुम्ही घरात शिकलात."

वाकडे बोट

आमच्यातल्या एका भाऊंनी विचारले, "आप्पा, येवढी टापटीप कशापायी? एकट्याचं तर काम."

आप्पांनी डावा हात पुढे केला. मधले बोट सरळच राहत होते. वाकत नव्हते.

ते म्हणाले, "आधी इथे नुसता पसारा होता. टेबलावर लाकडाच्या ढलप्यांचा ढीग. एक दिवस पेन्सिल सापडेना. ढलप्यांत हात घालून चाचपू लागलो. खाली पटाशी पडली होती, धार वर करून. बोटाची शीर तुटली. दवाखान्यात टाके घातले. जखम भरली, पण बोट काही वाकेना. चार आण्यांच्या पेन्सिलीपायी बोट गेले. त्यानंतर ही फळी ठोकली."

आम्ही सगळे आपापल्या हातांकडे पाहू लागलो.

आपल्या घरी काय होते? विळा कुठे, तर पेंढीत खुपसलेला. कुऱ्हाड अंगणात आडवी. अंधारात पाय पडतो. पेरणीच्या दिवशी पाभरीचा खिळा निघतो आणि हातोडी सापडत नाही. शेजाऱ्याकडे गेली असेल, तर कोणत्या शेजाऱ्याकडे? अर्धा दिवस शोधण्यात जातो. वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही.

लहान जागा कशी पुरते?

आप्पांच्या युक्त्या आम्ही वहीत लिहून घेतल्या. त्या येथे देतो.

पहिली युक्ती बरण्यांची. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या हे बारीक सामान काचेच्या बरण्यांत आहे. पण बरण्या फळीवर ठेवलेल्या नाहीत. फळीच्या खालच्या अंगाला टांगल्या आहेत. बरणीचे झाकण फळीला खालून स्क्रूने पक्के बसवायचे. मग भरलेली बरणी खालून फिरवून त्यात बसवायची. खिळे हवे असतील तेव्हा बरणी फिरवून काढायची. झाकण वरच राहते. आत काय आहे ते काचेतून दिसते. झाकणाला मात्र दोन स्क्रू मारावेत. एकच मारला तर बरणीबरोबर झाकणही फिरते.

दुसरी युक्ती चाकांची. खोलीत विजेवर चालणारी गोल करवत आहे. ती जड आहे. तिच्या चौकटीला खाली चार चाके लावली आहेत. काम असेल तेव्हा मध्ये ओढायची, काम झाले की भिंतीशी लोटायची. चाकांना अडसर आहे. करवत चालू असताना चाके अडकवून ठेवतात.

तिसरी गोष्ट कामाच्या टेबलाची. टेबल खिडकीखाली आहे, म्हणजे उजेड हातावर पडतो. उंची किती? आप्पांनी दाखवले. सरळ उभे राहायचे. हात खाली सोडायचा. पंजा आडवा करायचा. तो जिथे टेकेल तेवढे टेबल उंच. त्याहून ठेंगणे असेल तर कंबर धरते. फार उंच असेल तर रंध्यावर जोर येत नाही. टेबलाला एक शिकंजा आहे. तो लाकूड घट्ट धरतो. मग दोन्ही हात हत्याराला मोकळे राहतात.

हत्यारांची निगा

रंधा टेबलावर ठेवताना आप्पा आडव्या कुशीवर ठेवतात. उभा ठेवला तर पाते टेबलाला घासते आणि धार मरते.

करवतीचे दात आप्पांनी आम्हांला जवळून दाखवले. एक दात जरा डावीकडे वळलेला, दुसरा जरा उजवीकडे. असे का? त्यामुळे लाकडात पडणारी फट करवतीच्या पात्याहून थोडी रुंद होते. पाते फटीत अडकत नाही. दात सरळ झाले की करवत जागच्या जागी रुतून बसते. माणूस मग लाकडाला शिव्या देतो. खरा दोष दातांचा असतो.

पटाशीची गोष्ट उलटी वाटते, पण खरी आहे. बोथट पटाशी धारेच्या पटाशीपेक्षा धोक्याची. बोथट असली की जोर लावावा लागतो. जोर लावला की ती निसटते. म्हणून धार लावायचा दगड टेबलाजवळच ठेवलेला आहे. पटाशी चालवताना दोन्ही हात तिच्या धारेमागे ठेवायचे. धारेपुढे हात कधीही आणायचा नाही.

यंत्राचे नियम दारावर लिहिले आहेत. सैल बाही वर दुमडा. पदर खोचा. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढून ठेवा. पाते बदलण्याआधी बटण बंद करून पिन भिंतीतून काढा. लाकडाची बारीक धूळ छातीत जाते. तोंडाला फडके किंवा मास्क बांधा.

लाकूड जिवंत असल्यासारखे वागते

मागच्या भिंतीला फळ्या आडव्या रचल्या आहेत. त्या जमिनीवर टेकलेल्या नाहीत. खाली ठोकळे आहेत. दर दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घातल्या आहेत. सगळ्या पट्ट्या एका जाडीच्या आणि एकावर एक सरळ रेषेत. त्यामुळे फळ्यांमधून वारा खेळतो आणि फळी वाकत नाही. फळ्यांच्या टोकांना रंग लावला आहे. टोके लवकर वाळतात आणि तडकतात. रंगाने ते वाळणे धिमे होते.

ओले लाकूड वाळायला किती दिवस लागतात? सावलीत, वाऱ्यावर, एक इंच जाडीला सुमारे एक वर्ष असा साधारण हिशोब धरतात. लाकूड आणि हवा यांवर तो कमी-जास्त होतो.

पावसाळ्यात आपले दार चौकटीत अडते. उन्हाळ्यात तेच दार फटी दाखवते. का? लाकूड दमट हवेतले पाणी पिते आणि फुगते. कोरड्या हवेत ते पाणी सोडते आणि आकसते. हे फुगणे आणि आकसणे रुंदीला होते, लांबीला फारसे होत नाही. ओल्या लाकडाचे दार घाईने केले, तर वर्षभरात ते वेडेवाकडे होणारच.

कोणते लाकूड कशाला, हेही आप्पांनी सांगितले. सागात अंगचेच तेल असते. त्याला वाळवी सहसा लागत नाही. दारे-खिडक्यांना ते चांगले, पण महाग. शिसव जड, काळसर आणि टिकाऊ. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण त्याला कीड लागते. खोकी आणि फळ्या यांना ते चालते. बाभळीचे नाव निघाले तेव्हा आम्हीच पुढे झालो. औत, जू, गाडीचे चाक, हे सगळे बाभळीचे. ते आप्पांना आम्ही सांगितले.

एक सावधगिरीची गोष्ट

एका दोरीवर तेलाचे फडके उलगडून वाळत घातले होते. आप्पा लाकडाला जवसाचे तेल चोळतात. त्याने लाकूड चकचकीत होते.

आप्पा म्हणाले, "हे फडके कधी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना आपोआप गरम होते. फडक्यांचा बोळा असला की ती उष्णता आतच कोंडते. कोणी काडी न ओढताही फडका पेटतो."

आम्हांला खरे वाटेना. पण ते खरे आहे. फडका उलगडून, मोकळ्या हवेत, एकेकटा वाळवावा. नाही तर पाण्यात बुडवून ठेवावा. भुसा आणि ढलप्या आप्पा रोज संध्याकाळी झाडून बाहेर काढतात. वाळूची बादली दाराशीच ठेवलेली असते.

हे काम कोणाचे?

परत निघताना भाऊ म्हणाले, "सगळं झ्याक हाय, आप्पा. पर आमच्यात करवत कोण धरत न्हाई. त्ये सुताराचं काम."

आप्पा हसले. त्यांनी एक गोष्ट सांगितली.

अमेरिकेत जिमी कार्टर नावाचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले. ते प्लेन्स नावाच्या लहान गावचे. घरचा धंदा भुईमुगाचा. १९७७ ते १९८१ ते देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. १९८० ची निवडणूक ते हरले आणि गावी परतायला निघाले. हाताखालच्या मंडळींनी निरोपाची भेट म्हणून त्यांना काय द्यावे? सुतारकामाची हत्यारे! कार्टरसाहेबांनी घराच्या गॅरेजात कामशाळा केली. खुर्च्या केल्या, टेबले केली, पलंग केले. कितीतरी वस्तूंचा लिलाव करून तो पैसा लोकांच्या कामाला दिला.

त्यांचे आपल्या महाराष्ट्राशीही नाते आहे. त्यांच्या आई लिलियन या परिचारिका. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ साली, त्या सेवेसाठी भारतात आल्या. मुंबईत विक्रोळीला त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली. १९६८ साली परत गेल्या. पुढे २००६ साली कार्टरसाहेब आपल्या पत्नीसह लोणावळ्याजवळ मळवलीला आले. तेव्हा त्यांचे वय ८२ वर्षे होते. गरिबांसाठी घरे बांधायला ते हातोडी घेऊन उभे राहिले. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभर वर्षांचे होऊन, ते वारले.

आप्पा म्हणाले, "ज्याने देश चालवला त्याला करवत धरायची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी? आणि ज्यांचे हे पिढ्यांचे काम, त्यांना तर आपण गुरू म्हणावे."

काकूंनी पदराने डोळे टिपले. आम्ही दुसरीकडे पाहिले.

वही

शटर ओढण्याआधी आप्पांनी खिळ्याला टांगलेली एक वही दाखवली. वहीत चार रकाने. तारीख. हत्याराचे नाव. नेणाऱ्याचे नाव. परत आल्याची खूण. कोणी हत्यार मागायला आले तर आप्पा नाही म्हणत नाहीत. पण लिहिल्याशिवाय देत नाहीत.

"यात कोणावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "माणूस विसरतो. मीही विसरतो. कागद विसरत नाही."

काकूंनी विचारले, "आमची हत्यारं गंजली असतील. कामाला येतील का?"

आप्पांनी सांगितले, "वरचा गंज असेल तर येतील. रॉकेल नाहीतर साधे तेल लावून भिजू द्या. मग घासकागदाने घासा. कोरडे पुसा आणि वरून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेल लावत जा. गंजाने खोल खड्डे पडले असतील, तेवढे मात्र जाणत्या माणसाला दाखवा."

गोणी सुटली

दुसऱ्या दिवशी काकूंनी माळ्यावरची गोणी खाली उतरवली. आम्ही पाच-सहाजण मदतीला गेलो. गोणीत सतरा हत्यारे निघाली. दोन दिवस घासण्यात गेले. रंध्याची मूठ मालकांच्या हाताने गुळगुळीत झालेली होती. काकूंनी ती मूठ घासू दिली नाही.

मग पडवीच्या भिंतीला मुलाने फळी ठोकली. कोळशाने हत्यारांच्या आकृती काढल्या. नावे लिहायला मुलगा पुढे झाला, तेव्हा काकू म्हणाल्या, "थांब. मी लिवते." त्यांनी पहिले नाव लिहिले, "पटशी". मागे सरून पाहिले. काहीतरी चुकले असे त्यांना वाटले. तोंडाने म्हणून पाहिले. मग ट ला काना दिला. "पटाशी" झाले.

एक खिळा रिकामा राहिला. गिरमिट गोणीत नव्हते. मालक असताना कोणीतरी नेले होते. कोणी, ते ठाऊक नव्हते. तरी काकूंनी त्या जागी आकृती काढली आणि खाली नाव लिहिले, "गिरमिट".

महिन्याभराने खालच्या आळीचे एकजण करवत मागायला आले. त्यांचे लक्ष रिकाम्या खिळ्याकडे गेले. त्यांनी नाव वाचले. मान खाली घालून म्हणाले, "काकू, ते माझ्याकडंच हाय. मामा गेले आन् राहूनच गेलं." संध्याकाळी गिरमिट जागेवर आले. करवत वहीत लिहून गेली.

भंगारवाला मध्यंतरी परत आला होता. काकूंनी त्याला फळी दाखवली आणि म्हणाल्या, "ही विकायची न्हाईत." आता गावात कोणाला हत्यार लागले तर लोक काकूंकडे येतात. दिवसाचे थोडे भाडे देतात. वही काकूच लिहितात. मुलगा सुट्टीच्या दिवशी शेजारच्या गावच्या सुतारमामांकडे काम शिकायला जातो. त्याने केलेला पहिला पाट जरा डुगडुगतो. काकू त्याच्यावरच बसून वही लिहितात.

शब्द आणि अर्थ

टापटीप – नीटनेटकेपणा
ढलपी – लाकूड तासताना निघणारा तुकडा
शिकंजा – वस्तू घट्ट धरणारे साधन
वाफसा – पेरणीजोगी ओल
अडसर – हलू नये म्हणून लावलेली अटक
रकाना – वहीतील उभा भाग

उत्तरे सांगा

१. आप्पांचे बोट कशामुळे निकामी झाले?
२. बोथट पटाशी जास्त धोक्याची का?
३. जवसाच्या तेलाचा फडका कसा वाळवावा?
४. पावसाळ्यात दार का अडते?
५. रिकाम्या खिळ्याखाली नाव लिहून काकूंचा काय फायदा झाला?

करून पाहा

आपल्या घरातील पाच हत्यारे किंवा अवजारे निवडा. त्यांना भिंतीवर जागा ठरवून द्या. प्रत्येकाखाली त्याचे नाव स्वतःच्या हाताने लिहा. आठ दिवस काम झाले की वस्तू त्याच जागी ठेवा. आठ दिवसांत शोधण्याचा किती वेळ वाचला, ते वर्गात सांगा.